फिनलंडची कपात आणि आमचा कोरस

फिनलंडचं सरकार कला-संस्कृतीच्या अनुदानात कपात करतंय, ही बातमी छत्तीसगढच्या सगळ्या दुर्ग जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणी वाचली असेल असं वाटत नाही. मी ती रसमड्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून वाचली. डिस्पॅचमधल्या बाईला फिनलंडशी काय देणंघेणं, असं शेजारच्या टेबलावरून विचारणाही झाली. घरात नणंद आहे, एवढंच सांगितलं.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. तिचा नवरा वारल्यावर ती त्याच्या जागी रेल्वेत लागली, भिलाई-3ला. ड्यूटी सोडून उरलेल्या वेळात भीमगीतं गाते. जयंतीच्या महिन्यात तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. भिलाईच्या सेक्टर-सेक्टरचे कार्यक्रम, मग राजनांदगाव, डोंगरगड. मागे कोरसला चार बाया, ढोलकीवर माझा नवरा. मला गाता येत नाही. मी गाडी ठरवते, माइकवाल्याशी भांडते आणि इंग्रजी वाचते.

लोकगीतं ऐकत हिंडणारी एक फिनिश बाई एका जयंतीला आमच्या मंडपात येऊन बसली होती. तिच्या गावात ती स्वतः एक गायकवृंद चालवते आणि उन्हाळ्यात गाण्यांचा छोटा महोत्सव भरवते. जाताना तिने सगळ्यांना बोलावलं. असं बोलावणं लोक जाता जाता देतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण पुढच्या वर्षी रीतसर पत्र आलं. मग नणंदेचा आणि कोरसच्या चौघींचा पासपोर्ट झाला. पडताळणीला आलेल्या हवालदाराने प्रत्येकीला विचारलं, "गाने के लिए उतना दूर?" नणंदेची रेल्वेची परवानगी मिळवण्यात माझे सहा-सात शनिवार गेले. कोरसमधली सगळ्यांत जुनी बाई, नणंदेची शाळेपासूनची मैत्रीण, तिने नागपूरहून सगळ्यांसाठी एकाच रंगाच्या शाली आणवल्या.

आणि मग फिनलंडहून मेल आली की सरकारी मदत घटली आहे, महोत्सव लहान होईल, बाहेरच्या पाहुण्यांचं जमणार नाही.

नणंदेने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कावून?"

या 'कावून'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर शोधण्यात मी युरोपभर फिरले. म्हणजे मोबाइलवर. वाचावं तितकं दमायला होत होतं. नेदरलँड्समध्ये तिकिटांवर आणि पुस्तकांवर कर वाढवायचं ठरलं, लोक ओरडले, तेव्हा मागे घेतलं. जर्मनीच्या राजधानीत नाटकवाल्यांचे पैसे कापले. इटलीत अठराव्या वर्षी सगळ्याच पोरांना पुस्तकं-नाटकांसाठी सरकार रक्कम द्यायचं. आता आधी घरची कमाई नाहीतर परीक्षेतले मार्क बघतात. स्लोव्हाकियात नव्या मंत्र्यांनी मोठ्या संस्थांचे प्रमुख काढले आणि संस्कृती म्हणजे आपल्या राष्ट्राचीच, असं धोरण धरलं. कलावंत रस्त्यावर उतरले. मी रोज संध्याकाळी घरी येऊन नणंदेला एकेक देश सांगायची.

स्लोव्हाकियाचं ऐकून ती म्हणाली, "हे तर आपल्याच इथलं झालं."

तिचं चूक नव्हतं. इथल्या एका सरकारी कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं होतं, छत्तीसगढी काही आहे का, मराठी तर बाहेरची. सासरे भिलाईचा स्टील प्लांट उभा राहताना इथे आले. नणंद इथे जन्मली, तिची मुलगी मैत्रिणींशी हिंदी बोलते आणि भांडताना छत्तीसगढी. तरी बाहेरची. नागपूरला गेलो की आम्ही भिलाईचे. एवढं सगळं टेबलापाशी उभं राहून कोण सांगणार? आम्ही परत आलो.

माझ्या नवऱ्याचा जन्म युनियनमध्ये गेला. त्याच्या मते जगात ज्ञापन, म्हणजे निवेदन, दिल्याशिवाय काही सुटत नाही. कॅन्टीनच्या डाळीपासून क्वार्टरच्या गळक्या छतापर्यंत त्याने ज्ञापनं दिली आहेत. त्याने बैठक मारली आणि फिनलंडच्या माननीय मंत्रिमहोदयांना हिंदीत ज्ञापन लिहिलं. खाली आमच्या गायन मंडळाचा शिक्का, कोरसच्या सह्या, शिवाय आमच्या लाइनीतल्या शेजाऱ्यांच्याही. शेवटी नेहमीचं वाक्य होतंच: मागणी मान्य न झाल्यास उग्र आंदोलन केलं जाईल, ज्याची संपूर्ण जबाबदारी प्रशासनाची राहील.

"दादा, हे काढ," नणंद म्हणाली. "मले तिथं जायचं हाये. व्हिसावाल्यानं हे वाचलं तर?"

"त्याच्याबिना ते ज्ञापन होते का? मग ते अर्ज होते."

"मंग अर्ज कर."

दोन दिवस तो अडून बसला. मी ते वाक्य वगळून भाषांतर केलं आणि त्याच्या समोरच पाठवलं. उत्तर आलं, सभ्य आणि लवकर. आपलं म्हणणं नोंदवलं आहे, अशा महोत्सवांचा निर्णय आमच्या पातळीवर होत नाही. नवरा खूश झाला. म्हणाला, निदान उत्तर तर दिलं. इथं पोच पावती मिळाली तरी आम्ही पेढे वाटतो.

काही दिवसांनी त्या फिनिश बाईने व्हिडिओ कॉल लावला. संध्याकाळ होती, प्रॅक्टिससाठी सगळ्या आमच्याकडेच जमल्या होत्या. तिचा चेहरा बघून मला कळलं की हीसुद्धा माझ्यासारखीच कागद फिरवून दमलेली आहे. ती म्हणाली, गावातून थोडी वर्गणी जमली आहे. त्यात एका माणसाचं तिकीट होईल. राहायला तिच्या घरी. फक्त गाणारी आली तर कोरस तिचा गायकवृंद शिकून घेईल.

ती थांबली. आता ते मला मराठीत सांगायचं होतं आणि पाची जणी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या नवऱ्याने ढोलकी उगाच आवळायला घेतली. मी सांगितलं, जसं होतं तसं.

नणंदेने कोणाकडे पाहिलं नाही. "तिले म्हणा, येतो मी."

मी म्हटलं.

फोन बंद झाल्यावर मैत्रीण उठली आणि चपला शोधू लागली. नणंद म्हणाली, "तू सांग, तू काय केलं असतं?"

"तेच केलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तर राग येऊन राहिला."

शिकवायचं काम मात्र ह्याच चौघींवर आलं. नणंदेची ड्यूटी बदलत असे, म्हणून फिनलंडहून रेकॉर्ड केलेले आवाज यायचे आणि ह्या ऐकून चुका काढायच्या. तिकडच्या बाया टाळी ओळ संपल्यावर वाजवत. "आरती हाये का हे? मधात घाल म्हणा टाळी, मधात," मैत्रीण म्हणायची आणि फोनसमोर स्वतः वाजवून दाखवायची. ती एकही दिवस चुकली नाही. नणंद घरी असली की दोघी माझ्यामार्फत बोलत. वैनी, तिले सांगा. वैनी, तिले विचारा. दिवसभर कारखान्यात ट्रान्सपोर्टरचं ड्रायव्हरला आणि ड्रायव्हरचं ट्रान्सपोर्टरला सांगून आल्यावर घरी पुन्हा तेच.

उन्हाळ्यात नणंद गेली. माझ्या नवऱ्याची ढोलकी रेकॉर्ड करून नेली. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही टीव्हीला मोबाइल जोडून बसलो. लहानसा हॉल होता, खुर्च्या बऱ्याच भरलेल्या. नणंद पांढऱ्या साडीत, वर ती शाल. मागे गोऱ्या बाया ओळीने उभ्या. सासूबाईंनी रचलेलं गाणं होतं, आमच्याखेरीज कुणाकडे नाही. कोरस आला आणि टाळी बरोबर मधात पडली.

गाणं संपल्यावर मैत्रीण म्हणाली, "चांगलं म्हणून राहिल्या. आता आपलं काय काम?" आणि चौघी चहा न घेता गेल्या.

थोड्या वेळाने नणंदेचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"त्या चौघीईनं पाह्यलं का? काय म्हणे त्या?"

मी म्हणाले, सगळ्यांना आवडलं.

"वैनी, बरोबर सांगा."

मग मी मैत्रिणीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे भांड्यांची खडबड ऐकू आली. त्या बाईच्या स्वयंपाकघरात असावी.

"तिले म्हणा," नणंद म्हणाली, "मी मंगळवारी येतो. बुधवारी प्रॅक्टिस हाये."

मी म्हटलं, हे मी सांगणार नाही. तिचा नंबर तुझ्याकडे आहे, तू लाव. आणि फोन ठेवून दिला.