विल्फ्रेडचे शुक्रवार

विल्फ्रेड गाडीत पुढच्या सीटवर बसत नसे. कुणी रेडिओ लावला की उठून बाहेर जाई. रस्त्यात सायकलवाला दिसला की थांबे, आणि तो दिसेनासा होईपर्यंत पुढचं वाक्य बोलत नसे. राग आला की भांडी घाशी, घासलेलीसुद्धा. पाव मोडला की मोठा तुकडा मला देई आणि मी नको म्हटलं तर दोन्ही मला देई. दर शुक्रवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शेवटच्या बाकावर बसे. बाकीची माणसं कम्युनियनसाठी, फादरच्या हातून पवित्र पावाची चकती घ्यायला, रांगेत गेली की वाकून बुटांच्या लेस सोडी आणि पुन्हा बांधी. रांग संपेपर्यंत.

मी हिंदू. मला वाटायचं, त्याचे बूट सैल आहेत.

१९८१ साली मी पुण्याहून मराठीत एम.ए. करून बहरीनला आलो आणि एका कंपनीत पत्रं टाइप करू लागलो. मनामा या राजधानीत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चची मिस्साही शुक्रवारी. पहिल्या आठवड्यात मी त्याला 'विल्फ्रेडकाका' म्हटलं. "काका तुझे पुण्यात," तो म्हणाला. तेव्हापासून एकेरी.

तो वसईचा. बायको मॅगी गावी. पूर्वी तो एका हॉटेलची गाडी चालवायचा, मी आलो तेव्हा त्याच हॉटेलच्या कोठीत तांदूळ, तेल, साबण सांभाळायचा. मधलं काय ते मला त्यानेच सांगितलं. भांडी घासत, माझ्याकडे पाठ करून.

पाहुण्यांना विमानतळावर सोडून तो रिकामा परत येत होता. संध्याकाळची वेळ. रेडिओवर गाणं लागेना म्हणून बटण फिरवायला वाकला. वर पाहिलं तेव्हा सायकल समोर होती. सायकलवर सिराज नावाचा मुलगा होता. तो तिथेच गेला.

कोर्टात विल्फ्रेडने सगळं खरं सांगितलं, रेडिओसुद्धा. मग सिराजचा बाप उभा राहिला. लतीफ, बुसैतीनचा म्हातारा मच्छीमार. तो म्हणाला, मुलगा अल्लाने नेला, या माणसाला मी माफ केलं. भरपाई नको, तुरुंग नको. विल्फ्रेडला सोडून दिलं. तो तिथून फादरकडे गेला. फादरने कबुली ऐकली, पापक्षमा दिली, आणि प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी, म्हणजे एक माळ जप, म्हणायला सांगितली.

"एक रोझरी," विल्फ्रेड म्हणाला. "लहानपणी मी शेजाऱ्याची केळी चोरली होती, तेव्हाही एकच सांगितली होती."

"मग आता कम्युनियन का घेत नाहीस?"

"सुटलोय असं वाटलं तर घेईन ना."

मी त्याला आमच्याकडचं कर्म समजावू लागलो. त्याने नळ बंद केला.

"तुमचं बरं आहे. भोगलं की सुटलं. आमच्याकडे दुसऱ्याच कुणीतरी आधीच क्रुसावर भोगून ठेवलंय."

"मग अडचण काय?"

"मला कुठे विचारलं होतं?"

मिस्सा झाली की तो बसने बुसैतीनला लतीफच्या घरी जाई. मीही जाऊ लागलो. तिथे तो दार दुरुस्त करी, भिंतीला चुना लावी, पाण्याची टाकी घाशी. यातलं त्याला काहीच धड येत नव्हतं. लतीफ तरुणपणी गलबतावरून मुंबईला जाऊन आला होता. त्याचं हिंदी मोडकं होतं, पण जीभ शाबूत होती.

"दरवाजा ठीक करता है कि तोडता है?"

"ठीक करता हूँ, बाबा."

"पहले बंद नहीं होता था. अब खुलता नहीं."

मी हसायचो. लतीफही हसायचा. विल्फ्रेड हसायचा नाही. तो पुढच्या शुक्रवारी आणखी खिळे घेऊन यायचा. दोन वर्षं तो गावी गेला नव्हता. रजा घेतली तर शुक्रवार चुकेल, म्हणायचा. मॅगीला काय कळवायचा, मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी, हिवाळा संपत आला होता, तेव्हा लतीफने त्याला टाकीवरून खाली बोलावलं. समोर बसवलं. चहा दिला. मला वाटलं, पुन्हा दारावरून काहीतरी.

"मैंने तेरे को माफ क्यों किया, मालूम?"

विल्फ्रेडने पेला खाली ठेवला.

"माफ करेगा तो तेरा मुँह नहीं देखना पडेगा. खलास. लेकिन तू आता है. तू आता है तो सिराज जाता है. हर जुम्मे को फिर से जाता है."

  मी जमिनीकडे पाहत राहिलो. आपण स्वतःला करतोय ती शिक्षा दुसराच कुणी भोगतोय, हे विल्फ्रेडला कधी सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं, आणि शोकांतिकेवर मी चाळीस पानं लिहून पास झालो होतो.

लतीफ आत गेला आणि तारेचं भेंडोळं घेऊन आला. त्याची बोटं आता वळत नव्हती. तारेचा गरगूर सिराज विणायचा. गरगूर म्हणजे मासे धरायचा घुमटासारखा पिंजरा. त्याला आत निमुळतं होत जाणारं तोंड असतं. मासा आत जातो, बाहेर येऊ शकत नाही.

"काम चाहिए ना तेरे को? ये बना. घर ले जा के बना. हो गया तो ला के दे, चाय पी, और फिर मत आ."

विल्फ्रेडने भेंडोळं उचललं. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसला. तार पँटमध्ये घुसली तरी हलला नाही.

त्यानंतर आमची खोली तारेची झाली. शेजारच्या इमारतीतल्या एका मच्छीमाराकडून त्याने वीण शिकून घेतली. लतीफचं दार दुरुस्त करणारा त्याचा हात वेगळा आणि हा वेगळा. सुंदर विणायचा. घुमट होत आला की एखादं छिद्र त्याला मोठं वाटे. मग सगळी वीण सोडायचा. पुन्हा विणायचा, पुन्हा सोडायचा. बोटांना चिरा पडल्या.

मी एकदा चिडलो. "मासे काय तुझी वीण तपासणार आहेत?"

"झालं की द्यावं लागेल."

"मग दे."

"दिलं की संपलं."

"तुला तेच हवंय ना?"

त्याने पक्कड खाली ठेवली.  "तुला वाटतं तेवढं सोपं नाही रे, फुकट घेणं," तो म्हणाला.

उन्हाळा लागला. एका शुक्रवारी चर्चला निघताना पाहिलं तर त्याच्या पायात चपला होत्या.  रांग लागली. तो बाकावरच होता. हात खाली गेले, आणि तिथे बांधायला काही नव्हतं. हात तसेच लोंबत राहिले. मग तो उठला. रांगेत शेवटचा उभा राहिला. परत आला तेव्हा जबडा आवळलेला होता. बाहेर उन्हात आल्यावर म्हणाला, "काही चव नसते त्याला. विसरलो होतो."

त्या दिवशी घुमट पुरा झाला, आणि या वेळी त्याने तो सोडला नाही. मला म्हणाला, "आता तोंड तेवढं राहिलं. पुढच्या शुक्रवारी देऊन टाकू. रजेचा अर्ज पण टाकलाय." रविवारी तो तोंडाचं कडं वळवत बसला.

मंगळवारी दुपारी कोठीत तांदळाच्या पोत्यावर बसला आणि उठला नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. एकेचाळीस वर्षांचा होता. हॉटेलने शव वसईला पाठवलं. मंजूर झालेल्या रजेच्या तारखेआधीच तो पोहोचला.

शुक्रवारी गरगूर घेऊन मी एकटा बुसैतीनला गेलो. लतीफला सांगितलं. तो बसला.  मग त्याने गरगूर जवळ ओढला, उलटा केला, विणीवरून तळवा फिरवला.

"मुँह?"

"नहीं हुआ."

मी पाहून पाहून शिकलोय, मी करतो, असं म्हणालो. त्याने मान हलवली. नको. मला चहा दिला. पुन्हा येऊ नको, असं मला म्हणाला नाही.

रांगेतून परत येताना आवळलेला तो जबडा मला आठवतो. तो तोंड पुरं करणार होता की रविवारचं कडंही सोडून टाकणार होता, हे मला ठरवता येत नाही. रोज एकदा तरी मी ते ठरवायला बसतो.

गरगूर लतीफच्या दारापाशी आहे, त्या न उघडणाऱ्या. घुमट पुरा. खाली तोंडाचं कडं, त्याला गुंफलेल्या चारदोन तारा, आणि एक अर्धी वळवून सोडलेली.