कधीतरी म्हणजे कवा?

सबंध वाशीम जिल्ह्यात शब्दाला जागणारं माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या आत्याकडे बोट दाखवीन. फरक इतकाच, की बाकीचे लोक स्वतःच्या शब्दाला जागतात. आत्या दुसऱ्याच्या शब्दाला जागते. तुम्ही सहज, आपलं तोंडदेखलं, "या एकदा घरी" म्हणालात की संपलं. मंगळवारी सकाळी आत्या पिशवी घेऊन तुमच्या दारात उभी, आणि तुमच्या तोंडात अजून ब्रश.

ती पहिल्यापासून अशी नव्हती बरं. चार बायकांसारखीच "येईन, येईन" म्हणायची आणि जायची नाही. पण आमचे आतोबा गेले, तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि रिसोडच्या घराच्या ओट्यावर बसून तिनं एकाएकी जाहीर केलं, "मले एक गोष्ट समजली. कधीतरी म्हणजे कधीच नाई." एवढंच. आम्हाला वाटलं, दुःखात बोलतेय, होईल कमी. कशाचं काय! अशा गोष्टी लोकांना समजतात आणि दुसऱ्या दिवशी ते विसरून जातात, म्हणून तर जग सुरळीत चाललंय. आत्यानं मात्र ती थेट अमलात आणली.

आता एसटीत कुणी डबा उघडला की रीतीप्रमाणे तो शेजारच्याला "या जेवायला" म्हणतो, आणि शेजारच्यानं "होऊ द्या" म्हणून खिडकीबाहेर बघायचं असतं. हे शेंबडं पोरही जाणतं. वाशीमच्या गाडीत एका भल्या माणसानं आत्याला असं म्हटलं. आत्या जवळ सरकली, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, आणि त्याची अर्धी वांग्याची भाजी खाऊन म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाये, पण तुमचं मन मोठं हाये." बिचारा वाशीम येईपर्यंत डब्याकडे पाहत होता. शिरपूरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं बाजारात "या हुरडा खायले" म्हटलं, तर ही दोन शेजारणींना घेऊन शेतात हजर. ज्वारीला अजून कणीससुद्धा नव्हतं! तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, मी तं आपलं म्हणायचं म्हणून म्हणलं." "मंग मी बी आपलं यायचं म्हणून आली," आत्या म्हणाली, आणि पिठलं-भाकर खाऊनच उठली. गंमत म्हणजे आता दर हंगामात त्या घरचं पहिलं बोलावणं तिलाच असतं.

तिच्या घरी जेवणं तर त्याहून कठीण. तिथं "नको" म्हणजे नको. शेजारणीचे नवे जावई एकदा जेवायला होते. पोळी वाढताना ते लाजून "नको, नको" म्हणाले, तर आत्यानं टोपलं उचलून आत नेलं. शेजारीण मधे पडली. "काहून आग्रह करून राह्यली व?" आत्या म्हणाली. "एवढं शिकलेलं माणूस, खोटं कायले बोलते?" जावई अर्धपोटी उठले. पुढच्या खेपेला त्यांनी चप्पल काढता काढताच भूक किती आहे ते सांगून टाकलं म्हणे.

या सगळ्याला आम्ही पोट धरून हसायचो, पण एक गोष्ट मला बोचायची. कुणाच्याही घरी जेवून येणारी ही बाई आमच्या घरी, सख्ख्या भावाच्या घरी, पाऊल टाकत नव्हती. बाबांनी मालेगावला घर बांधलं तेव्हा वास्तूचं आवतण द्यायला ते स्वतः गेले नाहीत. रिसोडला जाणाऱ्या एका जीपवाल्याच्या हाती पत्रिका पाठवली. कामाची गडबड होती, दुसरं काही नाही. पण सख्ख्या बहिणीला जीपवाल्याच्या हातून आवतण! आत्या आली नाही, आतोबांनाही तिनं येऊ दिलं नाही. पुढं लग्नात, मयतीत बहीणभाऊ भेटत, तब्येती विचारत. घराचा विषय मात्र कुणी काढायचा नाही. बाबा ताठ, आणि आत्या तर त्यांचीच थोरली बहीण.

मागच्या उन्हाळ्यात शिरपूरला एका लग्नातून निघताना दोघं समोरासमोर आली. चार नातेवाईक बघत होते, म्हणून बाबा म्हणाले, "ये ना बाई कधी घरी."

"कवा?"

"कवा बी ये. घर तुहंच हाये."

"मंग आजच येते," म्हणत आत्या आमच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आई माझ्या कानात कुजबुजली, "घरात भाजीची काडी नाई व!"

घरी पोचलो. आम्ही सगळे आत गेलो, आईनं चहा ठेवला, आणि मागे वळून पाहतो तर आत्या उंबऱ्याबाहेरच. अख्खा जिल्हा पालथा घातलेली बाई, पण तिचं पाऊल काही उचलेना. "ये ना आत्या," मी म्हटलं. ती नुसती बाबांकडे बघत राहिली.

बाबांना काय वाटलं कोण जाणे. ते स्वयंपाकघरात गेले, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले, त्याला कुंकू लावलं, आणि बाहेर येऊन तिच्या ओंजळीत त्या अक्षता ठेवल्या. "बाई, आमच्या घराची वास्तू हाये," ते म्हणाले. "तू आन भाऊजी, दोघानं..." आणि तिथंच अडखळले.

आत्या अक्षतांकडे पाहत म्हणाली, "ते रोज म्हणत रे बापू, चाल, तुह्या भावाचं घर पाहून येऊ. मी म्हणे, जाऊ कधीतरी."

"चुकलं माह्यं," बाबा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

"माह्यं बी," म्हणून आत्या आत आली.

आईचं आधण तोवर उकळून आटलं होतं, कारण ती पदर डोळ्यांना लावून दारातच उभी होती. बाबांनी बहिणीला स्वतः घर दाखवलं. देवघर, माळा, गच्चीवरची टाकी, न्हाणीघरातला गीझरसुद्धा चालू करून दाखवला. आत्या एकेका खोलीत कितीतरी वेळ उभी राहायची. एकदा सगळं पाहून झालं की पुन्हा पहिल्या भिंतीपासून पाहायला लागायची. शेवटी बाबांना राहवलं नाही.

"बाई, एवढं काय पाहून राह्यली? चार भिंती तं हायेत."

"तू मधात बोलू नको," आत्या म्हणाली. "दोघाच्या वाटचं पाहून राह्यली मी."