सतरावी खाच

"मावशी, फुटबॉल लीगमध्ये संघ सोळा, आणि तुझ्या तक्त्यात सतरा! गिऱ्हाइकं हसतात."

"हसू देत. हसत हसत कोट न्यायला येतात ना?"

"अगं, फिट्झरॉयचा संघ बंद पडला! ब्रिस्बेनवाल्यांनी आपल्या संघात मिळवून टाकला."

"म्हणून तर यंदा एकही सामना हरला नाही."

संघाला जिचं नाव होतं त्या फिट्झरॉय वस्तीतल्याच आमच्या लाँड्रीत सत्त्याण्णव साली हे दर सोमवारी चालायचं. एकीकडे मालक थानासिस, दुसरीकडे तेहेतीस वर्षं इस्त्री करणारी नेल प्रेंडरगास्ट. मी मधे बसून बटणं शिवायचे. आता तिथे कॉफी मिळते. पण मला अजून त्या भिंतीवरचा गुणतक्ताच दिसतो. हंगाम सुरू होताना, मार्चमध्ये, वर्तमानपत्राबरोबर येणारा पुठ्ठा, त्याला खाचा, खाचांत संघांच्या नावाच्या पट्ट्या. इस्त्री तापेपर्यंत नेल त्या वरखाली करायची. दोन संघांचे गुण सारखे झाले की वर कोण ते ठरवणारी टक्केवारी स्वतः काढायची, पावतीच्या पाठीवर. पेपरातल्या आकड्यांवर तिचा भरवसा नव्हता.

त्या वर्षीच्या पुठ्ठ्यावर फिट्झरॉयला जागाच नव्हती. नेलने ब्लेडने तळाशी सतरावी खाच कापली आणि गेल्या वर्षीची पट्टी तिथे खोचली.

एका सोमवारी थानासिसने ती उपसलीच. "बास झालं, मावशी. कचऱ्यात टाकतो."

नेलने इस्त्री उभी केली. आवाज मात्र चढवला नाही.

"चौसष्ट साली तुझ्या बाबांनी परदेशातून येऊन हे दुकान घेतलं, तेव्हा त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मी या तक्त्यावरून वाचायला शिकवलं. वरून सुरू केलं, तर दर सोमवारी नाव वेगळं. वैतागायचे बिचारे! मग म्हटलं, लेफ्टेरिस, खालून वाच. त्या वर्षी आम्ही फिट्झरॉयवाले एकसुद्धा सामना जिंकलो नाही, तळाचं नाव हलतंय कशाला? तेच त्यांनी पहिलं वाचलं. मग दुकानाची पाटी वाचली, पोस्टाची वाचली. तुझे बाबा धावत आत आले. मावशी नव्हते मी तेव्हा, पोरगी होते. म्हणाले, नेल, सगळीकडे फिट्झरॉयच लिहिलंय!"

ती हसली. मग हसू थांबलं.

"आता तू सांग, कुठे ठेवू ती पट्टी?"

थानासिस पट्टीच्या मऊ झालेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. हाताने कापलेली खाच अरुंद होती; त्याच्या हातून पट्टी दोनदा अडली, तिसऱ्यांदा बसली. त्याने पोहोचवायचे सूट खांद्यावर टाकले आणि तो दाराबाहेर पडला.