कुत्र्यापेक्षा सुईचं भेव

डॉक्टरांनी कुत्रा चावलेली माझी पोटरी पाहिली आणि म्हणाले, "कॅटेगरी थ्री." म्हणजे दात आत गेला, रक्त आलं. रेबीजची लस दंडात घ्यायची, ठरलेल्या तारखांना. शिवाय आजच जखमेत सीरम. सीरम म्हणजे लस अंगात काम करू लागेपर्यंत विषाणूला अडवून धरणारं औषध. मी म्हटलं, मी घरी जाते.

उठलेही. माझी सून वंदना दार अडवून उभी राहिली, म्हणून बसले.

लहानपणी माझ्या धाकट्या बहिणीला कुत्रा चावला होता. तेव्हा सुया पोटात टोचायचे. तिचे पाय धरून ठेवायचं काम माझं. ती वाचली, पण तिचं ओरडणं माझ्या कानातून गेलं नाही. करोनाच्या लसीच्या वेळीही मी रांगेतून परत आले होते.

चावल्याबरोबर मी जखमेवर तिखट दाबलं होतं. आमच्याकडे सगळे तेच करतात. डॉक्टरांनी आधी नळाखाली साबणानं पाय धुवायला लावला, चांगला वेळ. म्हणाले, "आजी, तिखटानं विषाणू मरत नाही, जखम तेवढी चिघळते. पोटातल्या सुया कधीच्या बंद झाल्या. सीरमनं मात्र दुखेल, खोटं नाही सांगत."

खोटं सांगितलं नाही, म्हणून मी पाय पुढे केला.

दुखलं. नर्सबाईला मी आधीच सांगून टाकलं, मले भेव लागते. तिनं आडवं निजवलं, दंड ढिला सोडायला सांगितला. दुसरा हात मी हवेत फिरवत राहिले, सुताच्या कांड्या भरताना चरखा फिरवतात तसा. घरच्या हातमागासाठी जन्मभर तेच केलं. हाताला काम मिळालं की डोकं जरा गप्प बसतं.

खरं भेव घरी आल्यावर सुरू झालं. रेबीज झालेल्याला पाणी गिळवत नाही, हे मला ठाऊक होतं. घसा कोरडा पडला की वाटायचं, झालाच रेबीज. मग चोरून एक घोट पिऊन पाहायचे. पाणी खाली जायचं. थोड्या वेळानं पुन्हा शंका.

दोन इंजेक्शनं झाली, जखम वाळली. तिसऱ्याच्या सकाळी मी अंथरुणातून उठलेच नाही. वंदनाला म्हटलं, बरी झाली मी, आता कशाला टोचून घेऊ?

तिनं पाण्याचा पेला आणून दिला. मी प्याले.

"आई, तुम्ही पाणी पिता तवा मी तुमचा गळा पाहून राहिली," ती म्हणाली. "रोज. तुमाले सुईचं भेव हाय. मले कशाचं असन?"

मी उठले. लुगडं बदललं आणि ऑटोत जाऊन बसले.

तुम्हाला कुत्रा चावला तर भेव जायची वाट पाहू नका. माझं शेवटच्या सुईपर्यंत होतं. ते घेऊनच जा, तारीख चुकवू नका. आणि सोबत आलेल्या माणसाला विचारा, तुला भेव लागतं का. मी विचारलं नव्हतं.

शेवटचं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, कोर्स पूर्ण. बाहेर आल्यावर वंदना बाकावर बसून रडली. लोक पाहत होते. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. इतके दिवस ती गप्पच होती.