आम्लाचा बोळा

गावच्या उपकेंद्रात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी होती आणि मी बातमीसाठी गेले होते. लग्नाआधी नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर काम केले होते. लाखनी तालुक्यातल्या सासरी आल्यावर तिथल्या बातम्या पाठवत असे. ओट्यावर बायका बसल्या होत्या, पण आत कोणी जात नव्हते. सिस्टर मला म्हणाली, "दुखत नाही म्हणून लिहाल ना? मंग आधी पाहा तरी." बायका हसल्या. मी आत गेले.

खिडकीच्या काचेला हिरवा रंग मारलेला होता. टेबलावर रबराची चादर होती. सिस्टरने व्हिनेगरसारख्या पातळ आम्लात बुडवलेला कापसाचा बोळा आत लावला आणि घड्याळाकडे पाहत राहिली. एक मिनिट थांबावे लागते. पेशी बिघडलेल्या असल्या तर तेवढ्या वेळात तिथे पांढरे उमटते. त्या मिनिटात हलता येत नाही. ओट्यावर कोणाच्या धानाच्या बांधीत आधी रोवणी लागणार यावरून वाद चालला होता, तो नीट ऐकू येत होता.

"पांढरं येऊन राहिलं, ताई," सिस्टर म्हणाली. "भंडाऱ्याले दुर्बिणीनं पाहा लागन."

"कॅन्सर आहे?"

"ते मी नाही सांगू शकत. त्याच्या आधीचंही असते. उघड्या डोळ्यानं दिसलं असतं तं बोळा कायले लावला असता मी?"

बाहेर आल्यावर बायकांनी विचारले, दुखते का. नाही म्हणाले. ते खरे होते. त्या एकेक करून आत गेल्या.

नवऱ्याला त्याच दिवशी सांगितले. तो पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या उतरवून घेत होता. "दुखते का?" त्यानेही विचारले. "नाही ना? मग रोवणी आटपू दे. आईले आत्ताच काही सांगू नको." रोवणी आटपायला सहज महिना जातो. पेपरची बैठक आहे असे सांगून मी एकटीच भंडाऱ्याला गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पुन्हा आम्ल लावले, दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले आणि दोन बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. अहवाल यायला वेळ लागणार होता. रक्त थोडे जाईल, जड उचलायचे नाही, चिखलपाण्यात उतरायचे नाही, नवऱ्यापासून दूर राहायचे, असे त्यांनी सांगितले.

रोवणीच्या दिवसांत आमच्या घरची बाई बांधीत न उतरण्याचे एकच कारण चालत असे. मी घरी येऊन सांगितले, बाहेरची झाले. मागच्या छपरीत चटई, वेगळे ताट आणि वेगळा लोटा मिळाला. या प्रथेविरुद्ध मी कधीकाळी अर्धे पान लिहिले होते. आता तिच्याच आडोशाला बसले होते आणि तो किती दिवस पुरेल याचा हिशेब करत होते.

छपरीतून फाटक आणि बांधीकडे जाणारी वाट दिसे. सकाळी घरचे आणि मजूर बायका त्या वाटेने जात, संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत येत. मला उठून फाटकापर्यंतही जाता येत नव्हते, कारण वाटेत तुळस होती. सासू ताट दुरून सरकवायची. पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "काहून वो, आत्ताच तं बसली होतीस. पेपरवाल्याईचं कॅलेंडर वायलं रायते का?" मी हसले. तिनेही हसल्यासारखे केले.

नहाण्याचा दिवस आला. मी नहायला उठले नाही. त्या दुपारी घरात कोणी नव्हते. सासू मागच्या दाराने आली, उंबऱ्यात थांबली, आणि मग सरळ येऊन माझ्या चटईवर बसली. सून बाहेरची असताना तिने असे कधी केले नव्हते.

"खरं सांग. पाडलंस का?"

"नाही, आई."

"मंग हे काय चाललं आहे?"

मी सांगितले. उपकेंद्र, पांढरे, दुर्बीण, तुकडे. माझे संपल्यावर ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्या बिमारीत रक्त जाते का?"

"जाऊ शकते. पाळी गेलेल्या बाईला गेले तर लगेच दाखवायचे असते." बातमीत हे वाक्य मी नेमके असेच लिहिले होते.

ती वाटेकडे पाहत राहिली. तिची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती.

"मले जाऊन राहिलं," ती म्हणाली. "होळीपासून."

"सांगितले नाही?"

"कोणाले सांगू? या वयात बाहेर बसली असती तं साऱ्या गावानं दात काढले असते." मग म्हणाली, "देवाजवळ दिवा मीच लावते वो. रोज लावला."

संध्याकाळी नवरा हातपाय धूत असताना तिने त्याला सांगितले, "उद्या आम्ही दोघी भंडाऱ्याले जाऊन राहिलो. रोवणी तू पाय." कायले, असे त्याने विचारले. ती चुलीकडे वळली. माझ्याकडे पाहून त्याने पुढे विचारले नाही.

भंडारा जिल्हा फुटल्यावर तिचे माहेर गोंदिया जिल्ह्यात गेले होते आणि तिकडची कामेही. भंडाऱ्याला ती बऱ्याच वर्षांनी येत होती. एसटीत ती खिडकीशी बसली.

माझा अहवाल आला होता. डॉक्टरबाईंनी तो वाचून दाखवला. कर्करोग नाही, त्याच्या आधीची अवस्था आहे. तेवढा भाग काढून टाकता येईल, पण टाळायचे नाही. मी तारीख घेतली. मग म्हणाले, "माझ्या सासूबाई आल्या आहेत," आणि होळीपासूनचे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले.

सासूला पडद्याआड नेले. मी अलीकडे उभी राहिले. टेबलाचा आवाज आला, मग डॉक्टरबाईंचा, "आजी, अंग सैल सोडा." मग आतले पाहायच्या स्टीलच्या चिमट्याचा. यानंतर काय होते ते मला माहीत होते. उघड्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून डॉक्टरबाई आता नर्सकडे बोळा मागतील, मग एक मिनिट जाईल.

मी वाट पाहिली. त्यांनी बोळा मागितला नाही.