हाताला हात लावून चालवलेली बोट

बोटीवर राहायला जाताना जी बाई पुरणयंत्र बरोबर घेते, तिच्या अकलेबद्दल काय बोलावं? पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि दोन पैठण्या. पैठण्या कशाला, तर कुणी बोलावलं तर असाव्यात म्हणून. कालव्यावर बदकांशिवाय कोण बोलावणार होतं? पहिल्याच उन्हाळ्यात त्या पैठण्यांच्या पदरावर मोरांच्या शेजारी हिरवी बुरशी उगवली. ती बाई मीच. तेव्हा साठीही उलटली नव्हती माझी आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. आज ती समोर आली तर तिचे कान उपटीन म्हणते, पण ती ते उपटून घेताना हसत बसेल, तिचा स्वभावच तसा.

बोटीची हौस आमच्या ह्यांची. हे नागपूरचे, इंजिनिअर, ब्रॅम्पटनमध्ये एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करून रिटायर झालेले. "आयुष्यभर लोकांची यंत्रं चालवली, आता स्वतःचं चालवणार," असं म्हणून ह्यांनी घर विकलं आणि ऑटवाहून किंग्स्टनला जाणाऱ्या कालव्यावर एक बोट घेतली. इंग्लंडातल्या कालव्यांवर असतात तशी, कुणा म्हाताऱ्या वेल्डरने हौसेने बनवलेली. पोलादी, लांबलचक आणि इतकी अरुंद, की चाळीच्या गॅलरीवर छप्पर टाकून ती पाण्यात सोडली असं वाटावं. मे ते ऑक्टोबर आम्ही तिच्यात राहायचो. कालवा बंद झाला की बोट क्रेनने बाहेर काढायची आणि हिवाळाभर ब्रॅम्पटनला मुलाच्या बेसमेंटमध्ये.

कामाची वाटणी आम्ही बसून कधी केली नाही. ती घरातूनच आमच्याबरोबर बोटीवर चढली. मागच्या टोकाला उभं राहून सुकाणूचा दांडा धरणं हे ह्यांचं काम. उरलेलं माझं. ते उरलेलं म्हणजे किती, हे त्या बाईला कळेपर्यंत तिच्या कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं होतं. तळाशी साचलेलं पाणी उपसायचं. टॉयलेटची टाकी भरली की धक्क्यावर नळी लावून रिकामी करायची. पोलादी घरात कुकरची शिट्टी झाली की सगळ्या भिंतींना घाम फुटतो, तो जुन्या सुती साड्यांच्या फडक्यांनी पुसायचा. गंज खरवडायचा. बोट बाहेर काढली की तिच्या बुडाला डांबर फासायचं, आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं. शिवाय कालव्यातलं गवत. ते बोटीच्या बुडाखालच्या पंख्याला असं गुंडाळायचं की इंजिन कण्हायला लागायचं. मग मागचं झाकण उघडून, पालथं पडून, गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून भाजीच्या सुरीने ते कापायचं. हे वर उभे राहून विचारायचे, "झालं का गं?" आणि ती बाई खालून म्हणायची, "झालंच, चहा टाकते."

लॉकमध्येही तसंच. लॉक म्हणजे दोन दारांमधला मोठा हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. तिथली मुलं हाताने चक्र फिरवून दारं उघडतात. तेवढा वेळ कुणीतरी दोर भिंतीवरच्या तारेभोवती घालून हाताने सैल-घट्ट करत राहायचं. ते कुणीतरी कोण, हे सांगायला नकोच.

"मला एकदा दांडा धरू द्या ना," मी पहिल्या वर्षी म्हणाले.

"पुढच्या वर्षी शिकवतो. आधी पाण्याची सवय होऊ दे."

मला वाटलं, बरोबर आहे. पुढच्या वर्षीही बरोबर वाटलं. त्या बाईला सगळंच बरोबर वाटायचं.

मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी ते थंडीवर गेलं. मग इंजिनवर. "इंजिनाखालचे रबर गेलेत, त्याची थरथर दांड्यात येते," असं इंजिनिअर माणूस छातीठोकपणे सांगतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? इंजिन बंद असताना चहाच्या कपाची बशी वाजायची, त्याचे रबर कुठे बसवतात ते मी विचारलं नाही. बोट धक्क्याला घासायला लागली. आधी हळू, मग लोक वळून बघतील इतकी.

एका लॉकच्या तोंडाशी वारा आडवा सुटला होता. समोर एक महागडी पांढरी बोट उभी, आमचं पोलादी टोक नेमकं तिच्याकडे निघालेलं. हे समोरच बघत हळूच म्हणाले, "अगं, जरा हाताला हात लाव."

पूजेला बसल्यावर भटजी सांगतात ना, तसंच. यजमान पळीने पाणी सोडतो, फुलं वाहतो आणि बायकोने त्याच्या हाताला आपला उजवा हात लावायचा. तेवढ्याने तिचीही पूजा झाली. सत्यनारायणाला, वास्तुशांतीला, मुलाच्या मुंजीत मी असाच हात लावून बसलेली. तेव्हा हात लावला म्हणजे नुसता लावायचा असतो. इथे लावला आणि लक्षात आलं की कोपर दाबून धरला की थरथर थांबते. आणि कोपर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते.

त्यानंतर दोन उन्हाळे बोट मी चालवली. दांडा ह्यांच्या मुठीत, कोपर माझ्या मुठीत. वारा किती, पाण्याची ओढ किती, वळण कुठून घ्यायला सुरुवात करायची, सगळं मला त्या कोपरातून कळायला लागलं. आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. वळण आलं की हे कोपर जरासा माझ्याकडे सरकवायचे, मी धरायचे. लॉकमध्ये शिरलो की कोपर सोडून पुढे पळायचं, दोर धरायला. काठावरच्या गोऱ्या बायका गालाला हात लावून म्हणायच्या, "सो स्वीट! स्टिल इन लव्ह!" आणि आमचे फोटो काढायच्या. ती बाई लाजायची हो! गुडघे दुखताहेत, दंडात गोळे आलेत, आणि बया लाजतेय.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्या थरथरीला नाव दिलं, गोळ्या दिल्या. मुलाने विषय काढला तो जेवताना. समोर ताटं वाढलेली, सून बाळाला भरवत होती.

"बाबा, यू कान्ट ड्राइव्ह इट एनीमोर. आणि आई चालवत नाही. तर मग प्लॅन काय आहे? आय थिंक आपण सेल करावी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता सांगतील. एवढंच सांगायचं होतं, की हिला येतं. बोट राहिली असती. बेसमेंटच्या त्या एका खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीचे विंटर टायर बघत म्हातारं व्हायचं नव्हतं मला. घर विकताना मी रडले होते, पण बोट माझी झाली होती. तिच्या बुडाचा इंच न् इंच माझ्या हाताखालून गेलेला.

हे म्हणाले, "हिला काय जमतंय? ही नुसती हात लावून उभी असते."

त्या बाईने काय करावं? तिने ह्यांना भात वाढला. वर तूप. सुनेसमोर, मुलासमोर नवऱ्याचा मान राहिला पाहिजे ना! तो मान तिने इतका नीट सांभाळला की त्यात तिची बोट गेली.

विकायला काढलेली बोट तो उन्हाळा धक्क्यालाच बांधून होती; गिऱ्हाईक आलं ते सप्टेंबरात. नवरा-बायको, नुकतेच रिटायर झालेले, दोघांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. बोट चालवून दाखवायला मुलगा कुणाला तरी बोलावणार होता. हे ऐकेनात. "माझी बोट मी दाखवणार." मागच्या डेकवर आम्ही पाचजण दाटीवाटीने उभे. हे दांड्याशी, मी शेजारी. सरळ पट्ट्यात इंजिनाचा वेग कमी होता, निभावलं. हे त्या माणसाला सांगत होते की डांबर कुठलं चांगलं, गंज कसा काढायचा, आणि तो माना डोलवत होता. "यू डिड ऑल धिस युअरसेल्फ?"

"ऑल मायसेल्फ," हे म्हणाले.

पुढे लॉकच्या अलीकडचा धक्का आला. वारा आडवा. ह्यांनी नेहमीसारखा कोपर माझ्याकडे सरकवला.

मी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

ह्यांनी पुन्हा कोपर सरकवला. मग माझ्याकडे बघितलं. असं बघितलेलं मला लग्नानंतर आठवत नाही. दांडा थडथड उडायला लागला, आणि बोट सावकाश, अगदी सगळ्यांना नीट दिसेल अशी, तिरकी होऊन धक्क्यावर आदळली. आत भांडी कोसळली. गिऱ्हाइकाच्या बायकोची टोपी पाण्यात गेली.

"अगं, हात का नाही लावलास?" हे ओरडले. "तू हात लावल्याशिवाय ती वळेल कशी?"

गिऱ्हाइकाला मराठी कळत नव्हतं. मुलाला कळत होतं.

"बाबा, वेट. व्हॉट डू यू मीन? इतके दिवस आई चालवत होती?"

बोटीचं मागचं टोक फिरून गवताकडे निघालं होतं. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी ह्यांना खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि दांडा हातात घेतला. पहिल्यांदाच. तो जड होता आणि जिवंत माशासारखा हिसके देत होता. माझा सगळा अंदाज मध्ये ह्यांचा हात आहे असं धरून बांधलेला, त्यामुळे पहिल्यांदा दांडा ढकलला तेव्हा बोट भलतीकडेच गेली. दुसऱ्यांदा सरळ झाली. वाऱ्याकडे तोंड करून मी तिला हळूहळू मागे घेतलं, पुन्हा पुढे, आणि धक्क्याला अशी टेकवली की आवाजही झाला नाही.

"शी इज गुड," टोपी गेलेली बाई म्हणाली.

बाकावरून हे म्हणाले, "आय ट्रेन्ड हर."

मुलगा माझ्याजवळ आला. हळू आवाजात विचारलं, "आई, ठेवायची का बोट? तुला हवी आहे का?" एवढ्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत बाकावरून उत्तर आलं, "ठेवून काय करता? चालवणार कोण?"

"मी," मी म्हणाले.

मुलगा आणखी जवळ सरकला. "आई, बी प्रॅक्टिकल ना. बाबांच्या अपॉइंटमेंट्स, थेरपी, पडले तर... त्यांना एकटं बेसमेंटमध्ये कसं ठेवणार? आणि बोटीवर तर नाहीच ठेवू शकत." एकूण एक शब्द खरा होता. खोटा असता तर मी भांडले असते.

कालवा बंद व्हायच्या आधी बोट गेली. किल्ल्या देताना मी त्या टोपीवाल्या बाईला बाजूला घेतलं. तिला पंपाचं बटण दाखवलं, पाऊस कुठल्या खिडकीतून आत येतो ते सांगितलं. मग म्हटलं, आधी सुकाणू शिका. पहिल्या दिवसापासून. बाकी सगळं नंतर येतं.

ती हसली. म्हणाली, छे, चालवायला त्यालाच आवडतं, मी आपली बाकीचं बघीन.

मला वाटलं, पुरणयंत्र हिलाच देऊन टाकावं. पण ते आधीच गाडीत टाकलं होतं, आणि हे पुढच्या सीटवर पट्टा लावायची खटपट करत बसले होते. मी जाऊन तो लावून दिला.