मेजरला सही कोणाची?

कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या जूनमध्ये मला गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात एका टेबलामागे बसवलं होतं. टेबलावर 'विषय मार्गदर्शन' अशी पाटी. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मेजर कोणता घ्यावा, मायनर कोणता, हे समजावून सांगायचं. आमच्या विभागाच्या मॅडमनी मला का निवडलं कुणास ठाऊक. मी कुणाला नाही म्हणत नाही, हे बहुधा त्यांना कळलं असावं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आदल्या संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी आई मेथी निवडत होती आणि मी समोर बसून विषयांची मराठी नावं पाठ करत होते. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांत माझी दरवेळी अदलाबदल व्हायची.

"आमच्या वेळी मेजर-बिजर नव्हतं," आई म्हणाली. "स्पेशल म्हणायचो. तुझं स्पेशल काय गं, असं विचारायचे सगळे. छान वाटायचं."

टेबलावर मी नुसतं माहितीपत्रक पुढे सरकवायचे. मुलंही माझ्यासारखीच अबोल. पत्रकाकडे बघायची आणि 'थँक्यू मॅम' म्हणून निघून जायची. मग एका दुपारी हरसूलकडच्या डोंगरातली एक मुलगी आणि तिची आई आली. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. आई मात्र खुर्ची ओढून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मेजर लिहायचा हाय म्हणं."

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, पदवी त्यात मिळते, मायनर त्याच्या जोडीला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे टाके पडत्यात, तो मेजर ना?"

मला काही कळेना. मुलगी ओशाळली. "आये, ते ऑपरेशनचं. हे कॉलेजचं हाय."

"ठावं हाय मला. माझं झालंय ना मेजर. मायनर असलं का त्याच दिशी घरी. मेजरला आधी घरच्या माणसाची सही घेत्यात. म्हणून इचारते, इथं सही कोणाची?"

तिची काळजी वेगळीच होती. घरून निघताना मुलीच्या काकांनी बजावलं होतं, इतिहासच घ्यायचा. त्यात पोरं पास होतात, पोलीस भरतीलाही कामी येतो. काका घरातले शिकलेले, मुलीचे वडीलही त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. सही काकांची लागणार असेल तर पुढे बोलण्यात अर्थच नव्हता.

"आणि तुला काय हवंय?" मी मुलीला विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारला की माझी मान खाली जाते. तिचीही गेली. मी घाई केली नाही. गप्प बसणं मला जमतं.

"भूगोल," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडं पाऊस लय पडतो, ताई. डोंगरावरनं नुसतं पाणीच पाणी. मग उन्हाळ्यात ते जातं कुठं?"

"कुठं जातं!" आई म्हणाली. "माझ्या डोक्यावर येतं, हंड्यातून."

आम्ही तिघी हसलो.

मी फॉर्म बघितला. विषयांच्या खाली विद्यार्थ्याच्या सहीची एकच रेघ होती. मला माझा फॉर्म आठवला. बाबांनी विषय आधीच भरला होता आणि सही करायच्या जागी पेन्सिलने बारीकशी फुली मारून ठेवली होती. विषय वाईट नव्हता, पुढे मला आवडलाही. पण ती फुली अजून आठवते.

"मावशी," मी म्हणाले, "इथं पेशंटचीच सही लागते."

असं काही माझ्या तोंडून निघेल, असं मलाही वाटलं नव्हतं. ती लेकीकडे वळली.

"काकाला काय सांगशील?"

"सांगन, इतिहासाच्या जागा भरल्या."

"खोटं नको बोलू. मी सांगते, डाक्टरनं हिचीच सही मागितली म्हणून."

मुलीने भूगोल लिहिला. खाली पूर्ण नावाची सही केली, शाळेत फळ्यावर लिहितात तशी, सावकाश. उठताना आई म्हणाली, "बघ हां. उद्या टाके दुखले तर माझ्याकडं रडत येऊ नको."

आता मी नोकरीला लागले आहे. ऑफिसला जाताना रिक्षा कॉलेजच्या भिंतीपाशी खोळंबली की मला बरं वाटतं. भिंतीपलीकडे मैदान दिसतं. त्या वर्षी भूगोलाच्या मुलांबरोबर ती हरसूलकडची मुलगी तिथे लाल-पांढऱ्या काठ्या रोवून मोजमापं घ्यायची. मी आपणहून कुणाशी बोलत नाही, पण तिला बघून थांबायचे.

"टाके कसे आहेत गं?"

"दुखत्यात, ताई!" ती काठी न सोडता तिथूनच ओरडायची. "पण माझे हायेत!"